वेदना, चित्त आणि विनोबा

रविवार, दिनांक २१ फेब्रुवारी १९३२. धुळे येथील कारागृहात एका छत्तीस वर्षांच्या राजबंद्याने आपल्या सहबंद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. धुळे हे त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, आणि नंदुरबार, शहादा, तळोदा हा सारा मुलूख त्याच जिल्ह्यात मोडत असे. पुढे प्रत्येक रविवारी एक, याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा प्रवचने झाली. साने गुरुजींनी ती जागच्या जागी टिपून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आहे. त्या राजबंद्याचे नाव विनायक नरहर भावे. उभा देश त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखतो.

सहावे प्रवचन २७ मार्च रोजी झाले. त्याचा विषय चित्ताची एकाग्रता हा होता. एकाग्रता साधावयाची तर जीवनात परिमितता हवी आणि दृष्टी सम व मंगल हवी, असा त्याचा आशय. ग्रंथ घरोघरी गेला, त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. मात्र तुरुंगात जे सांगितले त्याची परीक्षा वक्त्याने पुढची पन्नास वर्षे स्वतःच्या देहावर दिली, या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. भूदानाचे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. दुखणाऱ्या देहात राहून न दुखावलेले चित्त सांभाळणारे विनोबा तेवढे ठाऊक नाहीत.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत, त्यामुळे शिक्षण बडोद्यास झाले. मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण भक्तीचा वारसा मुलाला त्यांच्याकडूनच मिळाला. लहान वयातच ब्रह्मचर्याचा संकल्प करून या मुलाने देहाला कष्ट देण्याचा सपाटा लावला. पायांत वहाण नाही, डोक्यावर छत्री नाही, मऊ अंथरूण नाही. बडोद्याच्या कडक उन्हात तो अनवाणी मैल मैल हिंडत असे. या हट्टापायी डोळ्यांना कायमचा त्रास झाला, आणि पुढे विनोबांनी स्वतःच याची गणना आपल्या अविचारांत केली. या लहानशा तपशिलाला फार महत्त्व आहे. देहाला शिणविणे म्हणजे चित्ताला घडविणे नव्हे, हा भेद त्यांना किंमत मोजून कळला होता.

१९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि तेथून काशीला गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींची प्रथम भेट झाली. पुढे आश्रमातून रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन, १९१८ च्या साथीत मातोश्रींचे निधन, १९२१ च्या एप्रिलात वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी, १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि तुरुंगवास, हा सारा क्रम चरित्रग्रंथांत सविस्तर आला आहे. येथे थांबावयाचे आहे ते सूतकताईपाशी.

आज कापडाचा व्यवहार करणाऱ्यांनाही सूत कसे निघते हे पाहण्याचा योग क्वचितच येतो. एका हातात पेळू, दुसऱ्या हाताने चाक; बोटांतून तार निघते ती केसाएवढी. पीळ कमी पडला की तार सुटते, जास्त पडला की गुंडाळी होऊन तुटते. मन क्षणभर इकडे तिकडे गेले की ते सुतात लगेच दिसते. तेथे जाड गाठ तरी पडते, नाहीतर धागा तरी हातात राहतो. तुटलेला धागा न चिडता सांधावयाचा आणि पुन्हा चाक फिरवावयाचे, एवढेच काम. ते विनोबांनी वर्षानुवर्षे केले. वर्ध्याजवळ नालवाडी येथे तर मजुरीवर सूत कातणाऱ्याची गुजराण कशी होईल हे पाहण्यासाठी ते दिवसाचे आठ-आठ तास कातीत असत. अर्थशास्त्र म्हणून हा प्रयोग कितपत टिकला याविषयी मतभेद होऊ शकतील. पण चित्त भरकटले हे ध्यानात येणे आणि त्याला रागावल्याशिवाय परत आणणे, या एकाच क्रियेची त्यात दिवसाकाठी हजारो आवर्तने होत. ध्यानाच्या कोणत्याही पद्धतीत, नावे वेगळी असली तरी, हेच तर शिकविले जाते. दळणे, झाडणे, संडास-सफाई हीही त्यांच्या लेखी याच साधनेची अंगे होती.

विंचवाची हकीकत याच संदर्भात पाहिली पाहिजे. विनोबांना एकदा विंचू चावला. वेदना इतकी असह्य होती की त्यांना एका जागी बसवेना. ते फेऱ्या घालू लागले. आपण ही वेदना जिंकू असा प्रयत्न त्यांनी पुष्कळ वेळ केला, परंतु जो जो तिच्याशी झुंजावे तो तो ती अधिकच जाणवे. अखेर ते आडवे झाले आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसातील, निष्काम भक्तीवाचून दुसरे काही न मागणारा एक श्लोक मनात घोळवू लागले. डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. जवळच्यांना वाटले की ते वेदनेचे अश्रू आहेत. प्रत्यक्षात ते भक्तीचे होते. आणि थोड्याच वेळात त्यांना शांत झोप लागली. ही हकीकत पुढे त्यांनीच सांगितली आहे, आणि तीत स्वतःची फजिती लपविलेली नाही. जोवर ‘मी सोसतो आहे’ हा अहंकार होता तोवर झोप आली नाही, अहंकार गळाला आणि झोप आली, असा त्यांनी तिचा अर्थ लावला. विंचवाचे विष त्या क्षणी नाहीसे झाले असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

जैन वाचकांना हा भेद अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेदना झाली असता तिच्याच निवारणाच्या चिंतनात चित्त गुंतून पडणे हा एक प्रकार आहे. वेदना ही वेदनीय कर्माच्या उदयाने येते; आर्तध्यान मात्र जीव स्वतः करतो. उत्तराध्ययन सूत्राच्या दुसऱ्या अध्ययनातील बावीस परीषहांमध्येही रोग हा एक परीषह आहे, आणि तो समभावाने सहन करावा असे सांगितले आहे. तो होणारच नाही असे आश्वासन दिलेले नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात गुडघा दुखू लागतो, तेव्हा दुखणे किती आणि त्याविषयीची कुरकुर किती, हे ज्याने मन लावून पाहिले आहे त्याला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

पाश्चात्त्य वैद्यकही निराळ्या मार्गाने याच ठिकाणाजवळ आले आहे. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला की इजेचा संदेश थेट मेंदूपर्यंत जाऊन आदळत नाही; मणक्यातील मज्जारज्जूपाशी जणू एक फाटक आहे, ते कमीअधिक उघडते, आणि ते किती उघडावे यावर मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही परिणाम होतो. या सिद्धांतातील तपशील पुढे बदलले, पण मनःस्थितीचा वेदनेशी संबंध असतो हे मान्य झाले. १९७९ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची जी व्याख्या स्वीकारली तीत संवेदना आणि भावना या दोहोंना स्थान दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी, इतर उपचारांनी उतार न पडलेल्या रुग्णांना अवधानाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. जुनाट वेदनेच्या ५१ रुग्णांवरील त्यांचा अहवाल १९८२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांना लक्षणीय आराम वाटला होता. २०११ साली फादेल झैदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निरोगी व्यक्तींना चार दिवस, रोज वीस मिनिटे, श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकविले आणि पायाच्या पोटरीला ४९ अंश सेल्सिअसचा चटका देऊन पाहिले. ध्यानात असताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी सांगितली गेली, आणि तिचा नकोसेपणा ५७ टक्क्यांनी. पंधरा माणसांचा प्रयोग म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. तरीही तीव्रतेपेक्षा नकोसेपणा अधिक उतरला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विंचवाच्या त्या रात्री नेमके काय झाले असावे, याची थोडीफार कल्पना त्यावरून येते.

१९३८ साल हे या साधनेतील एक वळण होते. अतिश्रमाने विनोबांची प्रकृती पार ढासळली. वजन नव्वद पौंडांच्या आसपास उतरले. गांधीजींना काळजी वाटू लागली आणि त्यांनी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीस जाण्याचे सुचविले. विनोबांनी मात्र वर्ध्यापासून अवघ्या काही मैलांवर, पवनार येथे धाम नदीच्या काठी असलेला जमनालाल बजाज यांचा बंगला निवडला. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सर्व कामांचा, सर्व चिंतांचा त्याग केला. आश्रम, संस्था, पत्रव्यवहार, विचार, काही म्हणता काही बरोबर न्यावयाचे नाही असा तो संकल्प होता. पुढे काही महिने दिवसाचा बराचसा वेळ मन रिकामे ठेवण्यात गेला. सोबत थोडे खोदकाम. आरंभी काही मिनिटे, मग हळूहळू अधिक. वजन वाढले, शक्ती परतली. सूत कातताना मन एका बिंदूवर आणण्याची सवय झाली होती. पवनारला ते सोडून देण्याची सवय झाली. दुखणेकऱ्याला दोन्हींची गरज असते. नुसती एकाग्रता कधी कधी दुखऱ्या जागेवरच जाऊन चिकटते.

१९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली आणि देशाला हे नाव कळले. त्यानंतरचे तुरुंगवास, स्वातंत्र्य, गांधीजींची हत्या, आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी दिलेले शंभर एकरांचे पहिले भूदान, हे सर्वश्रुत आहे. तेव्हापासून सुमारे तेरा वर्षे पदयात्रा चालू होती. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. प्रत्यक्ष वाटली गेली ती त्या मानाने पुष्कळच कमी, आणि हा हिशेब मांडल्याशिवाय भूदानाची कथा पुरी होत नाही.

या सर्व काळात विनोबांना आतड्याच्या व्रणाचा विकार होता. साधे जेवण पचत नसे. दही, दूध, मध असे काही थोडे थोडे, वरचेवर घ्यावे आणि पहाटे उठून दहा-बारा मैल चालावे, असा क्रम. १९५८ साली पदयात्रा महाराष्ट्रात आली, पश्चिम खानदेशातही आली. सातपुड्यातील अक्राणी महाल, म्हणजे आजचा आपला धडगाव परिसर, तेथील आदिवासी बांधवांनी गावेच्या गावे ग्रामदानात दिली आणि अक्राणीचे नाव देशभर झाले. त्याच वर्षी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. वयाची त्रेसष्टी आणि पोटात व्रण, अशा अवस्थेत हा पुरुष चालत होता. ध्यानाने व्रण बरा झाला नाही. तो होताच. परंतु विकार असणे आणि दिवसभर त्या विकाराचाच विचार करीत राहणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. झोपेच्या बाबतीतही तेच. अंग टाकले की त्यांना लगेच झोप लागत असे. दुखण्याने झोप उडालेल्या माणसाला या देणगीचे मोल सांगावयास नको.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. १९५२ च्या डिसेंबरमध्ये बिहारात चांडील येथे विनोबांना घातक स्वरूपाचा हिवताप आला. आरंभी त्यांनी औषध घेण्याचे नाकारले. प्रकृती चिंताजनक झाली. मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह आणि इतर अनेकांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी औषध घेतले, ते बरे झाले, आणि यात्रा पुढे निघाली. आपली साधना मोडली असे त्यांनी मानले नाही. वेदना सोसण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी चांडीलचा प्रसंग गाळू नये. आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा समाजातील कित्येक मुलांना सिकल सेलचा आजार आहे. त्यातील दुखण्याचा झटका आला की हाडे फुटल्यासारखी वेदना होते. अशा लेकराला ध्यानाचा उपदेश करून दवाखान्यात नेण्यास उशीर लावणे याला धर्म म्हणता येणार नाही. घरातील वृद्ध माता ‘सोसते’ म्हणून तिच्या गुडघ्यांची चौकशी कोणी करीत नाही, तिची सहनशीलता मात्र चारचौघांत वाखाणली जाते, हाही त्यातलाच प्रकार. समभाव ज्याचा त्याने स्वतःसाठी साधावयाचा असतो; दुसऱ्याच्या वेदनेपुढे करुणा आणि औषध हेच आपले काम आहे. विनोबांनीही चित्ताचे जे कठोर नियम लावले ते स्वतःला लावले.

१९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली होती. पदयात्रा संपवून विनोबा १९६४ साली तेथे परतले आणि हळूहळू बाह्य कार्यातून निवृत्त झाले. याच निवृत्तीच्या काळात जैन समाजावर त्यांनी एक मोठे ऋण करून ठेवले. सर्व पंथांना मान्य होईल असा जैन धर्माचा एक सारग्रंथ असावा, ही त्यांची जुनी इच्छा होती. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, १९७४ साली, क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांनी परिश्रमपूर्वक संकलन केले. नोव्हेंबर अखेरीस दिल्लीत संगीती भरली, चारही आम्नायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले, आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. कित्येक शतकांत जे घडले नव्हते ते एका जैनेतर महापुरुषाच्या आग्रहाने घडले. त्यानंतर २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभर मौन पाळले. त्या मौनातच आणीबाणी आली आणि अनुशासनपर्व या शब्दावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. ती टीका सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही; पण तो विषय निराळा आहे.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांची प्रकृती बिघडली. ताप आला, पाठोपाठ हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले आणि थोडा उतारही दिसू लागला. अशा वेळी ८ नोव्हेंबरच्या रात्रीपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेण्याचे थांबविले. चांडीलला औषध घेणारे विनोबा आता नाही म्हणाले. तेव्हा हातातील काम अपुरे होते. आता काम संपले होते आणि देहही जीर्ण झाला होता. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला येऊन गेल्या, डॉक्टरांनी विनविले, आश्रमातील भगिनींचे डोळे भरून आले. निर्णय बदलला नाही. काहींनी त्याला प्रायोपवेशन म्हटले. जैन समाजाने त्यात सल्लेखनेचे रूप पाहिले. याविषयी कायद्याचे आणि नीतीचे प्रश्न तेव्हाही विचारले गेले आणि पुढेही विचारले जात राहिले. जवळ असलेल्यांनी जे पाहिले ते एवढेच की तळमळ नव्हती. श्वासाबरोबर रामहरीचे स्मरण चालू होते. पाण्यावाचून घसा कोरडा पडतो, अंगाची आग होते, हे देहाचे धर्म त्यांच्या देहालाही चुकले नसतील. धुळ्याच्या तुरुंगातील त्या सहाव्या रविवारला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती.

१५ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास धामतीरी विनोबांनी देह ठेवला. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले, आणि त्याच १९८३ साली समणसुत्तंचे संकलक जिनेंद्र वर्णी यांनीही सल्लेखनापूर्वक देहत्याग केला. विनोबा गेले तो दिवस दिवाळीचा, आश्विन अमावास्येचा. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तोच दिवस.